स्वतःच्या वापरातील वस्तू

चमन शिकलगार माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते २००६ च्या डिसेंबरात. हातात एक खाकी पाकीट होतं. अंगात धुऊन धुऊन पातळ झालेला पांढरा शर्ट. मी खुर्ची पुढं केली तरी बसेनात.

"वकीलसाहेब, ह्ये काय आलंय बघा की जरा," म्हणाले.

मी वकील नाही. बी.कॉम. करून एका मोठ्या करसल्लागाराकडं सहा वर्षं कागद लिहिले, आणि मग लक्ष्मीपुरीत एका जिन्याखालची खोली घेऊन स्वतःची पाटी लावली. पण कोल्हापुरात इन्कम टॅक्सचं काम करणाऱ्याला सगळे वकीलसाहेबच म्हणतात. मीही ते नाव अंगाला लावून घेतलं होतं.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं, मी त्यांना ओळखलं. बिंदू चौकापासून जवळच, एका बोळाच्या तोंडावर 'चमन रेडिओ' नावाचं त्यांचं दुकान होतं. माझे वडील मिलमध्ये कामाला. त्यांनी आयुष्यात हौसेनं एकच वस्तू घेतली, जुना रेडिओ, तीही चमनचाचांकडूनच, महिन्याला वीस-वीस रुपये देत. तो बिघडला की वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथं न्यायचे. चाचा रेडिओची पाठ उघडायचे, आतल्या काचेच्या नळ्या एकेक करून हलवून बघायचे, आणि माझ्याकडं न बघता विचारायचे, "काय प्रसेनजीत, अभ्यास करतोस का न्हाईस?"

मी ही आठवण सांगितली तेव्हा कुठं ते बसले.

त्यांची हकिकत थोडक्यात अशी. बाप गल्लोगल्ली फिरून कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचा. पोराला त्या दगडापाशी बसायचं नव्हतं. बाराव्या वर्षी मिरजेला एका रेडिओ मेकॅनिकच्या हाताखाली राहिले, पंचविशीत स्वतःचं दुकान काढलं. दुकानात शिस्त कडक. रेडिओ आला की त्याला दोरीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. तीवर मालकाचं नाव, गाव, तारीख आणि काय बिघडलंय ते. अक्षर असं की शाळामास्तरानं मान खाली घालावी. रेडिओ वाजला तर पैसे, न वाजला तर नाही.

सत्तर आणि ऐंशीच्या सालांत त्यांना जेवायला सवड नसायची. नव्वद उजाडलं आणि चित्र पालटलं. लोक रेडिओ दुरुस्तीला टाकून जायचे, आणि तेवढ्यात घरी टीव्ही यायचा. मग रेडिओ न्यायला कोण येतंय? चाचा तयार झालेले रेडिओ एका फळीवर मांडून ठेवायचे आणि मालकाला पोस्टकार्ड टाकायचे, 'आपला रेडिओ तयार आहे, घेऊन जावा.' एकेकाला तीन-तीन कार्डं. काही कार्डं परत यायची, बाकीच्यांचं उत्तरच यायचं नाही. १९९९ साली जागामालकानं दुकान मागितलं. चाचांनी फारशी कुरकुर न करता ते सोडलं, आणि सगळे रेडिओ हातगाडीवरून घरी आणून पोटमाळ्यावर लावले. त्यांच्या स्वतःच्या आवडीचे बावीस-तेवीस होतेच, हौसेनं जमवलेले. त्यात ह्या न नेलेल्यांची भर पडली.

घर शाहूपुरीत, नाल्याच्या बाजूला. २००५ च्या महापुरात त्या घरात छातीभर पाणी आलं. गाद्या, धान्य, कपाट, चाचांच्या बायकोचं, सलमाभाभींचं, शिलाई मशीन, दुकानाच्या जुन्या वह्या, सगळं गेलं. पोटमाळा तेवढा कोरडा राहिला. भिंत एका बाजूनं फुगली होती. थोरली मुलगी शबनूर कबनूरला दिलेली, तिच्याकडं महिनाभर राहून नवरा-बायको परत आले तेव्हा घरात फक्त चिखलाचा वास आणि वर चौतीस रेडिओ.

त्यांचा मुलगा उजैर राजारामपुरीत एका सायबर कॅफेत कामाला होता. त्यानं बापाला सांगितलं, "अब्बा, जुन्या रेडिओला नेटवर लई भाव हाय." तेव्हा लिलावाची एक वेबसाइट चालायची. वस्तूचा फोटो टाकायचा, देशभरातून लोक बोली लावायचे, वरच्या बोलीवाल्याला वस्तू पार्सलनं पाठवायची. घेणारा पैसे त्या साइटकडं ऑनलाइन भरायचा, आणि वस्तू पोचली की साइट ते आपल्या बँकेच्या खात्यात टाकायची. उजैरनं पहिला रेडिओ घातला तो चौथ्या दिवशी साडेसहा हजाराला गेला. चाचांनी दुकानात कधी एका दिवसात साडेसहा हजार बघितले नव्हते. ऑक्टोबर ते मार्च, सहा महिन्यांत तेहतीस रेडिओ गेले. दोन लाख बारा हजार आले. त्यात भिंत झाली, फरशी झाली, शिलाई मशीन झालं.

आणि आता हे पत्र. आयकर खात्यानं अशा साइटवरून सतत माल विकणाऱ्यांची माहिती मागवली होती. पत्रात विचारलं होतं, आपण हा व्यवसाय करता काय, आणि करत असाल तर त्याचं उत्पन्न विवरणात का दाखवलं नाही?

मी पत्र वाचलं आणि मनात हसलो. काम सोपं होतं.

"चाचा, घाबरायचं कारण नाही," मी म्हणालो. "ह्याला धंदा म्हटलं तर सतरा-अठरा हजार कर बसतो, वर व्याज. पण हा धंदा नाहीच. माणसानं घरातली सायकल विकली, टेबल विकलं, रेडिओ विकला, तर त्यावर कर नसतो. सोनं-दागिने सोडून. आपण लिहून द्यायचं, ह्या सगळ्या माझ्या स्वतःच्या वापरातील वस्तू होत्या. संपला विषय."

"सोताच्या म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या. घरात वापरायच्या. विकायला आणलेल्या नव्हेत."

चाचा टेबलावरच्या काचेखाली मी ठेवलेलं कॅलेंडर बघत राहिले. मग म्हणाले, "त्यातले अकरा माझे न्हाईत."

"कुणाचे?"

"गिऱ्हाइकांचे. न्यायला कोण आलं न्हाई."

"किती वर्षं?"

"दहा. काहींना पंधरा व्हत आली."

"मग ते तुमचेच झाले की. तुम्ही कार्डं टाकली, जागा दिली, पुरातनं वाचवले. एवढ्या वर्षांनी कोण मालकी सांगणार?"

"कोण सांगत न्हाई म्हणून माझे व्हत न्हाईत वकीलसाहेब. पुरानंतर डोस्कं जाग्यावर नव्हतं. उजैर म्हणाला, ह्ये पण घालू का? मी म्हणलं घाल. माझ्याच हातानं फळीवरनं काढून दिले." मग ते म्हणाले, "तेवढं अकरांचं येगळं लिवता येतंय का?"

येत होतं. हे मी आज सांगतो, तेव्हा सांगितलं नाही. वेगळं लिहायचं म्हणजे आयकराचे साहेब दहा प्रश्न विचारणार. मग हे कुणाचे, पावत्या कुठं, वह्या कुठं? वह्या तर पुरात गेलेल्या. दोन तारखांचं काम सहा तारखांवर गेलं असतं. माझ्याकडं त्या महिन्यात चाळीस फायली होत्या.

"चाचा," मी म्हणालो, "वेगळं लिहिलंत तर सगळंच संशयात येईल. मग तेहतीसच्या तेहतीस दुकानाचा माल धरतील. सतरा हजार आहेत का घरात?"

नव्हते. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं.

त्यांनी सही केली. त्या सुंदर अक्षरात, सावकाश, एकेक काना-मात्रा जपत. सही झाल्यावर पेन खिशात न ठेवता माझ्या टेबलावर ठेवून गेले. पेन त्यांचंच होतं.

सुनावणीला मी बरोबर होतो. साहेब तरुण होते, शांत होते. त्यांनी यादी बघितली आणि विचारलं, "तेहतीस रेडिओ? एका माणसाच्या वापरात?"

चाचांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "सर, छंद आहे त्यांचा. पस्तीस वर्षं ह्याच कामात गेली."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. साहेबांनी मग त्यांना सहज विचारलं, कुठल्या रेडिओचा आवाज सगळ्यात चांगला? त्यावर मात्र चाचा दहा मिनिटं बोलले. साहेब हसत ऐकत राहिले. पंधरा दिवसांत प्रकरण निकाली निघालं, कर शून्य. मी फी घेणार नव्हतो. चाचांनी पाचशे रुपये जबरदस्तीनं टेबलावर ठेवले.

महिनाभरानं ते परत आले. ह्या वेळी हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. आत पुठ्ठ्याच्या अकरा चिठ्ठ्या. उजैरनं फोटो काढायच्या आधी रेडिओ पुसताना त्या सोडल्या होत्या, चाचांनी जपून ठेवल्या होत्या.

"ह्यास्नी हुडकायला लागलोय," म्हणाले. "ज्याच्या रेडिओचे जेवढे आले, तेवढे त्याला द्यायचे. एकदम न्हाई जमणार. घड्याळं, मिक्सर दुरुस्तीला घ्यायला लागलोय. जमतील तसं."

मी त्यांना वेड्यात काढलं. तोंडावर नाही, मनात.

मुरगूडच्या एका दुकानदाराकडं ते आधीच जाऊन आले होते. तो गडगडून हसला. "आयला, रेडिओ! अहो पावणं, मी इसरूनबी गेलतो की!" म्हणाला, पैसे घेतले नाहीत, चहा पाजला, आणि वर एक किलो गूळ बांधून दिला. कबनूरचा मालक वारला होता. त्याच्या पोरानं दारातच पैसे घेतले, मोजले, आणि "अजून काय हाय का आमचं तुमच्याकडं?" असं विचारलं. चाचांना दोन्ही चाललं. गुळाचा दुकानदार असो नाही तर दारातलं पोरगं, चिठ्ठी निकालात निघाली की झालं.

राधानगरीची चिठ्ठी होती, 'ज्ञानू चौगले, धरण कॉलनी. आवाज येत नाही. १४ मार्च १९९२.' मला तिकडं एका दूध संस्थेच्या कागदांसाठी जायचंच होतं. म्हटलं, चला माझ्या मोटारसायकलवर. रविवारचा दिवस होता. चाचांनी मागं बसताना मांडीवर एक बोचकं घेतलं. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही.

कॉलनीत चौकशी केली. एका म्हाताऱ्या वॉचमननं सांगितलं, "ज्ञानू? तो ब्याण्णवलाच गेला की. गेटावर कामाला हुता, पाय घसरून खाली पडला. बायको ऱ्हाती तिकडं वस्तीवर, चिमणाबाई." कोपऱ्यापर्यंत येऊन त्यानं हातानं वाट दाखवली.

चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी ज्ञानूला पाठवलेली कार्डं 'मालक मिळत नाही' असा शेरा मारून परत आली होती. क्वार्टर सुटलं की नवा माणूस राहायला येतो, आधीच्याचं टपाल कोण पोचवतोय?

भाताची खाचरं ओलांडून आम्ही वस्तीवर गेलो. एक गोठा, त्याला लागून दोन खोल्या. साठीची एक काटक बाई म्हशीला वैरण टाकत होती. आम्हाला बघून तिनं पदर सारखा केला.

"कुठनं आलासा पावणं?"

"कोल्हापुरातनं," चाचा म्हणाले. "मी चमन. रेडिओवाला."

बाई हातातली पेंढी तशीच धरून उभी राहिली. म्हशीनं मान लांब करून तिच्या हातातली पेंढी ओढली तेव्हा तिला भान आलं.

"म्हंजे तुमी हाय व्हय ते," ती म्हणाली.

तिनं घोंगडं टाकलं, पाणी दिलं, आणि समोर उंबऱ्यावर बसली. मग तिनंच सांगितलं. ज्ञानूनं पहिल्या बोनसमधनं तो रेडिओ घेतलेला. बिघडला म्हणून कोल्हापूरला टाकून आला. सहा दिवसांनी हे झालं. पावती त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती, ती सदऱ्याबरोबरच गेली. तिला दुकानाचं नाव माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की बिंदू चौकाजवळ एका मुसलमान भावाचं दुकान आहे आणि तो माणूस चांगला आहे, असं ज्ञानू म्हणाला होता.

"दोन येळा आलते मी," ती म्हणाली. "पयल्या येळी घावलंच न्हाई. चौकात भवताली फिरून फिरून याष्टी धरली. दुसऱ्या येळी एकानं सांगितलं, रेडिओवाला व्हय, तो मागल्याच साली दुकान मोडून गेला. कुठं गेला म्हणून इचारलं तर कुणाला ठावं न्हाई."

"कवा आलतासा?" चाचांनी विचारलं.

"धाकटीचं लगीन झालं त्या साली. दोन हजार."

दोन हजार साली चाचा तिथून वीस मिनिटांच्या वाटेवर राहत होते. रेडिओ पोटमाळ्यावर होता. दुरुस्त होता, वाजत होता.

चाचांनी खिशातून पाकीट काढलं. "बाई, तुमचा रेडिओ मी इकला," ते म्हणाले. त्यांनी ते असंच, एका दमात सांगितलं. "गेल्या साली. पूर आलता, भिंत खचली हुती. त्याचे सात हजार दोनशे आले. ह्ये घ्या. माफी मागायला आलोय."

चिमणाबाईनं पाकिटाकडं बघितलंच नाही. "कुणी घेतला?"

"पुण्याचा एक जण हाय."

"त्याच्या काचंवर कुकवाचं बोट हुतं," ती म्हणाली. "मला आकडं वाचाया येत न्हाईत. सांगली कुठं लागती ते कळावं म्हणून मालकांनी काचंवर कुकू लावलं, वरनं काय तरी चिकाट फासलं. काटा कुकवावर आणला की सांगली लागायची. त्ये हाय का अजून?"

चाचांना ते कुंकू आठवत होतं. दुरुस्तीच्या वेळी त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं होतं. गिऱ्हाइकाची खूण पुसायची नाही, हा त्यांचा नेम. पण फोटो चांगला यावा म्हणून उजैरनं सगळ्या काचा स्पिरिटनं घासल्या होत्या. मीही तो फोटो फाईलमध्ये बघितला होता. काच लखलखीत होती.

ते खोटं बोलू शकले असते. मी असतो तर बोललो असतो.

"न्हाई," चाचा म्हणाले. "पोरानं पुसलं. त्याला ठावं नव्हतं."

बाईनं मान हलवली. रडली नाही, रागावली नाही. तसं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग चाचांनी बोचकं सोडलं. आत त्यांचा स्वतःचा रेडिओ होता, चौतिसावा, सगळे विकले तरी ठेवलेला एकुलता एक. त्यांनी तो लावला, काटा फिरवला, सांगली लागली. कुणीतरी शेतीचा सल्ला देत होतं. चिमणाबाई पुढं झुकून ऐकत होती. चाचा म्हणाले, "ह्यो ठेवून घ्या. तुमच्याच कंपनीचा हाय. काचंवर कुकू आत्ता लावू."

तिनं थोडा वेळ ऐकलं. "आवाज ग्वाड हाय," म्हणाली. "पर ह्यो तुमचा हाय भाऊ. तुमचा मी कसा ठिवून घिऊ?"

पैसे तिनं घेतले, तेही मी मध्ये पडलो म्हणून. निघताना तिनं आम्हाला तांदळाची पिशवी दिली. परतताना चाचांनी बोचकं पुन्हा बांधलं नाही. रेडिओ मांडीवर घेऊन माझ्या पाठीमागं बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचा कोपरा माझ्या कमरेला टोचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात हजर.

"वकीलसाहेब, त्या साहेबांस्नी परत भेटायचं. मी लिवून दिलं ते खोटं हाय. अकरा माझे नव्हते, ते लिवायचं हाय."

"चाचा, प्रकरण मिटलंय. मिटलेली फाईल कोण उघडतं का? तुम्ही खोटं लिहिलं म्हणाल तर मी खोटं लिहायला लावलं असं होईल. माझ्या नावावर येईल ते."

"तुमचं नाव न्हाई घेत मी."

"मी तिथं तुमच्या बाजूनं बोललोय. साहेबांसमोर छंद म्हणालोय. माझी पोटापाण्याची जागा आहे ती!"

"मला त्या बाईम्होरं जायच्या आधीच लिवायला पायजे हुतं," ते म्हणाले. "मी लई उशीर केला."

तेव्हा मी चिडलो आणि जे बोलू नये ते बोललो. म्हणालो, "गिऱ्हाइकाचा माल विकताना नाही आठवलं ते? पैसे खर्च झाल्यावर आठवलं होय?"

ते उठले. दारात चपला घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी टेबलावर फाईल उघडून तीत डोकं घातलं, म्हणजे त्यांच्याकडं बघायला नको.

ते एकटेच गेले. स्वतःच्या अक्षरात दोन पानी अर्ज लिहून नेला. मला हे कळलं ते आठवड्यानं, त्या साहेबांकडूनच. दुसऱ्या एका कामाला गेलो होतो. साहेब म्हणाले, "तुमचे ते शिकलगार आले होते. मी त्यांना सांगितलं, दुसऱ्याच्या वस्तूचे पैसे तुम्ही त्याला परत करताय, मग ते तुमचं उत्पन्नच नाही. कर तेव्हाही नव्हता, आताही नाही. अर्ज घेतला, फाईलला लावला." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हे पहिल्यांदाच लिहिलं असतं तरी चाललं असतं की हो."

एवढंच. दहा प्रश्न नाहीत, सहा तारखा नाहीत. माझं नावही त्या अर्जात नव्हतं.

मी त्याच दिवशी शाहूपुरीत जायला हवं होतं. गेलो नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं, मग मार्च आला. मार्चमध्ये आमच्या धंद्यात कुणाला मरायलाही सवड नसते. मग आणखी एक मार्च आला. आपण होऊन माफी मागायला गेलो आणि त्यांनी 'कसली माफी?' असं विचारलं तर काय सांगायचं, हाही एक पेच होता. वडील असते तर कान धरून घेऊन गेले असते.

त्यांच्या बातम्या उजैरकडून कळायच्या, तो कधी रस्त्यात भेटला तर. चाचांनी घड्याळं, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करून एकेका चिठ्ठीचे पैसे फेडले. पुण्याच्या गिऱ्हाइकाला त्यांनी उजैरकडून सात-आठ ई-मेल लिहून घेतले. ज्ञानू चौगल्यांचा रेडिओ त्यानं पुढं बंगळूरच्या एका हॉटेलला विकला होता. चाचा उजैरला घेऊन रेल्वेनं बंगळूरला गेले. हॉटेलच्या दर्शनी भागात तो रेडिओ होता. आतलं यंत्र काढून टाकून त्यात रंगीत दिवा बसवला होता. मॅनेजर म्हणाला, हवा तर घेऊन जा. चाचांनी त्या खोक्यावरनं एकदा हात फिरवला आणि नको म्हणाले. येताना रेल्वेत उजैर त्यांच्याशी बोलायला बघत होता, पण ते खिडकीबाहेर बघत बसले होते, असं तो म्हणाला. "पुसाय नको हुतं मी ते," उजैर मला म्हणाला. त्याचं काय चुकलं होतं?

चिमणाबाईकडं चाचा दर वर्षी सुगीनंतर जायचे. काय बोलायचे कोण जाणे. ती तांदूळ द्यायची, हे सलमाभाभींनी पुरानंतर घेतलेल्या मशीनवर शिवलेलं एखादं पोलकं घेऊन जायचे.

२००९ च्या जानेवारीत चाचा गेले. हृदयाचा झटका, तासाभरात संपलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी मात्र मी काम टाकून गेलो.

घराच्या नव्या भिंतीला पिवळा रंग दिलेला होता. शबनूर कबनूरहून आली होती, तिनं मला आत बसवलं. सलमाभाभी पलंगावर टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला बराच वेळ निरखलं, शबनूरनं नाव सांगितल्यावर ओळखलं.

"वकीलसाब," त्या म्हणाल्या, "तुमी लई केलं त्यांच्यासाठी. टॅक्स लागू दिला न्हाई. कायम सांगायचे."

"अजून काय सांगायचे?" मी विचारलं.

"तुमच्या वडलांचं सांगायचे. वीस रुपयाचा एक हप्ता त्यांनी कधी चुकवला न्हाई म्हणायचे. आन् पोरगं मोठं झालं म्हणायचे."

शबनूरनं चहा आणला. कपात दूध जास्त झालं होतं. मी तो सगळा प्यायलो. बोलायचं ते मनात जुळवत होतो. भाभी, चाचांना मी एकदा वाईट बोललो. भाभी, त्यांनी पहिल्या दिवशी जे विचारलं होतं ते करता येत होतं, मी त्यांना नाही सांगितलं. दोनच वाक्यं. तेवढ्यात शेजारच्या बायका आत आल्या आणि भाभींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मी उठलो.

दारात भाभींनी मागून हाक मारली. त्यांना वाटलं मी कामानंच आलो असणार.

"वकीलसाब, त्यांचा काही कागद ऱ्हायलाय का तुमच्याकडं? सही-बिही लागत असंल तर सांगा."

"नाही भाभी," मी म्हणालो. "काही राहिलं नाही."

आणि चपला घालून मी नाल्याच्या पुलावरून ऑफिसकडं चालायला लागलो.